सांगलीतल्या विश्रामबागचा तबला क्लास: मोठ्यांच्या बॅचबद्दल

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी आहे, वय ४६. याआधी दुसऱ्या एका क्लासात बोल पाठ करून तबल्याची प्रारंभिक परीक्षा पास झालो होतो. पण भजनाला बसलो की लय पळायची आणि पेटीवाले काका वळून बघायचे.

इथल्या सरांनी पहिले तीन आठवडे तबल्याला हातच लावू दिला नाही. तोंडाने पढंत (बोल म्हणणं), हाताने टाळी आणि काल, म्हणजे टाळी न देता हात मोकळा सोडायची जागा. 'धा धा तिट धा धा तूना' एकपट, दुप्पट, परत एकपट. खरं सांगतो, राग यायचा. चौथ्या आठवड्यात तबला-डग्ग्याच्या जोडीसमोर बसलो तेव्हा बोल जिभेवर बसलेला होता, बोटं त्याच्या मागून आली.

माझा 'ना' हा बोल बद्द वाजायचा. सरांनी माझी अनामिका धरून शाईच्या (मधल्या काळ्या गोलाच्या) कडेला नुसती टेकवली. "दाबू नका. आता तर्जनी चाटेवर (काठाच्या पट्टीवर), आणि लगेच वर." नाद लांबला. एवढी वर्षं मी ते बोट दाबून धरत होतो, कुणी बघितलंच नव्हतं.

सर स्वतः साथीला जातात, म्हणून त्यांचं शिकवणं वहीतलं वाटत नाही. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृतीतल्या संगीत सभेला आम्हाला मिरजेच्या दर्ग्यात घेऊन गेले आणि सांगितलं, आज गवयाकडे नाही, तबलजीच्या डाव्या हाताकडे कान द्या.

१६ डिसेंबर २०२४ ला, तबलावादक झाकीर हुसेन, आमचे झाकीरभाई, गेल्याचं कळलं त्या सोमवारी, क्लास बंद असेल असं वाटलं होतं. उघडा होता. तासभर सगळ्यांनी फक्त तीनतालाचा ठेका धरला. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत एका रात्रीत ३ ग्रॅमी घेणारा हा माणूस पूर्वी अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात शिकवायलाही बसला होता, हे मला त्या दिवशी सरांकडून कळलं.

गैरसोयी आहेत. सरांचा कार्यक्रम असला की बॅच हलते. आदल्या दिवशी व्हॉट्सअॅपवर कळवतात आणि तास भरून देतात. खोली एकच, आठ जोड्या दाटीने. पावसाळ्यात पुडी (तबल्याचं कातडं) सैल पडून उतरते, सूर मिळवण्यातच पंधरा मिनिटं जातात. गाडी रस्त्यावर लावावी लागते. फी महिना १,२०० रुपये, मोठ्यांची बॅच रात्री आठची.

गेल्या एकादशीला मी पूर्ण भजनभर भजनी ठेका धरला. काका एकदाही वळले नाहीत.