खोकल्यावर अडुळसा की ज्येष्ठमध?

छातीत कफ घुरघुरतोय आणि खोकून खोकून सुटत नाहीये, तर अडुळसा. नुसती कोरडी ढास लागतेय, घसा खवखवतोय, तर ज्येष्ठमध. निवड इथपर्यंत सोपी आहे. दोन्ही एकत्र उकळून 'सगळ्यावर चालणारा' काढा करण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही.

अडुळसा कुंपणाला लावतात, कारण गुरं-शेळ्या सहसा त्याला तोंड लावत नाहीत. पानं इतकी कडू की रस मधातून घेतला तरी तोंड वाकडं होतंच. (वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र मध चाटवू नये.) या पानांतल्या व्हॅसिसिन या द्रव्यावरूनच ब्रोमहेक्झिन हे औषध तयार झालं. त्याचाच पुढचा भाऊ अँब्रॉक्सॉल, जो आज कफ पातळ करणाऱ्या कितीतरी सिरपांच्या लेबलवर दिसतो. म्हणजे आजीचा काढा अगदीच हवेतला नव्हता. पण व्हॅसिसिनने गर्भाशय आकुंचन पावू शकतं, म्हणून गरोदरपणी अडुळसा नको. मधुमेह असेल तर तयार सिरपातली साखरही बघावी.

ज्येष्ठमध गोड, म्हणून निरुपद्रवी वाटतो. मला जास्त काळजी त्याचीच वाटते. त्यातलं ग्लायसिरायझिन साखरेपेक्षा सुमारे पन्नासपट गोड असतं, आणि ते शरीरातल्या कॉर्टिसॉल या संप्रेरकाला निष्क्रिय करणारं एन्झाइम अडवतं. मग मीठ-पाणी अंगात साठतं, रक्तदाब चढतो, पोटॅशियम उतरतं. पायांवर सूज, स्नायूंत अशक्तपणा, क्वचित हृदयाचे ठोके अनियमित. एखाद-दोन दिवस काडी चघळल्याने निरोगी माणसाला सहसा काही होत नाही. रोज चहात चमचाभर पूड घालायची सवय मात्र अंगाशी येऊ शकते. रक्तदाब, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, डिगॉक्सिन (हृदयाचं औषध) किंवा स्टेरॉइड चालू असेल, तर ज्येष्ठमध पोटात घेऊच नये. गरोदरपणीही नको.

घशासाठी त्याच्या पाण्याच्या गुळण्या कराव्यात आणि पाणी थुंकून टाकावं. ऑपरेशनच्या वेळी घशात नळी घालतात, त्याआधी अशा गुळण्या केल्या तर नंतरची घसादुखी कमी होते, असं चाचण्यांत दिसलं आहे. खोकल्यावरच्या अडुळशाच्या काढ्याचे इतके नेमके पुरावे मिळत नाहीत.

पानवाल्याकडचा गुंजेचा पालाही असाच गोड लागतो आणि घसा मोकळा करतो. घरी वेल असेल तर लाल-काळ्या बिया मुलांच्या हाती लागू देऊ नका. त्या जहाल विषारी असतात.

खोकला दोन आठवड्यांवर गेला, तर दोन्ही बाजूला ठेवून थुंकीची तपासणी करून घ्यावी. क्षयरोगावर पूर्वी अडुळसाच देत, पण आता त्याची खात्रीची औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. थुंकीत रक्त दिसलं, धाप लागली, तर दोन आठवडेही थांबू नये.