कोअरही लावले, कॅलही लावले, आणि मी गप्प बसलो

शिरोली एमआयडीसीत आयटी बघणाऱ्या एका मित्राचा परवा फोन आला. "अरे, कुणीतरी लायसन ऑडिटवाला आलाय. एसक्यूएल बेकायदा आहे म्हणतोय. तुझ्याकडं आलता का कोण?" त्यानं कोटेशनचा फोटो पाठवला. तोच लोगो, तीच दुसरी ओळ. म्हणून आता लाज सोडून लिहितोय. आमचे ३,८५,८६० रुपये गेलेत. बाकीच्यांचे तरी जाऊ नयेत.

मी गोकुळ शिरगावच्या एका कारखान्यात सिस्टीम बघतो. १४० कॉम्प्युटर. त्यांचे अपडेट, सॉफ्टवेअर, इन्व्हेंटरी सगळं मायक्रोसॉफ्टच्या कॉन्फिगरेशन मॅनेजरवर चालतं आणि त्याचा डेटाबेस एसक्यूएल सर्व्हर स्टँडर्ड या मायक्रोसॉफ्टच्याच डेटाबेस सॉफ्टवेअरवर. हे काम करणाऱ्यांना माहीत असतं, की कॉन्फिगरेशन मॅनेजरच्या लायसनमध्येच या एसक्यूएलचा वापर धरलेला असतो. वेगळं विकत घ्यावं लागत नाही, कॅलही (प्रत्येक वापरणाऱ्यामागं किंवा मशीनमागं घ्यायचं लायसन) लागत नाहीत. अट एकच: त्या इन्स्टन्सवर, म्हणजे एसक्यूएलच्या त्या एका इन्स्टॉलेशनवर, कॉन्फिगरेशन मॅनेजरचेच डेटाबेस हवेत. साइटचा डेटाबेस, अपडेटसाठी डब्ल्यूसस, रिपोर्टिंग, हे चालतं. दुसऱ्या कशाचा एक डेटाबेस जरी त्यावर बसवला, की त्या इन्स्टन्सला वेगळं लायसन लागतं.

आणि मी बसवला होता. बायोमेट्रिक हजेरीचा. दोन वर्षांपूर्वी हजेरीवाल्या वेंडरला सर्व्हर हवा होता, नवीन घ्यायला मालक तयार नव्हते, मी म्हटलं टाक इथंच. कोल्हापुरात असं कोण करत नाही, सांगा मला.

१८ मार्चला तो ऑडिटवाला आला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात आयकार्ड, बोलणं एकदम गोड. मायक्रोसॉफ्टच्या वतीनं कम्प्लायन्स रिव्ह्यू, म्हणजे लायसनची तपासणी, करतो म्हणाला. थेट मालकांच्या केबिनमध्ये बसला आणि मला म्हणाला, "सर, जरा डेटाबेसची यादी दाखवता का?" मी दाखवली. स्क्रीनवर कॉन्फिगरेशन मॅनेजरचा डेटाबेस, डब्ल्यूससचा एसयूएसडीबी, रिपोर्टिंगचा रिपोर्टसर्व्हर, आणि खाली हजेरीचा अटेंडन्स. त्यानं पेनाचं टोक त्या शेवटच्या ओळीवर ठेवलं आणि काहीच बोलला नाही. मालकांनी माझ्याकडं बघितलं. माझं तोंड तिथंच बंद झालं.

मग कॉपीराइट कायद्याचं कलम ६३ बी निघालं. किमान ७ दिवस, जास्तीत जास्त ३ वर्षं कैद, दंड ५० हजार ते २ लाख. नंतर मी वाचलं, आकडे बरोबर आहेत. फक्त त्या कलमात 'जाणूनबुजून' असा शब्द आहे, तो पठ्ठ्यानं गिळला.

दुसऱ्या दिवशी कोटेशन. पहिली ओळ: एसक्यूएल स्टँडर्ड, दोन कोअरचे (सर्व्हरच्या प्रोसेसरमधल्या कोअर मोजून घ्यायचं लायसन) ४ पॅक, प्रत्येकी ४८,५०० प्रमाणे १,९४,०००. दुसरी ओळ: १४० कॅल, प्रत्येकी ९५० प्रमाणे १,३३,०००. जीएसटी ५८,८६०.

ही दुसरी ओळ. झोपेत अजून दिसते. कोअरनं लायसन घेतलं की कॅल लागतच नाहीत! एकतर कोअर घ्या, नाहीतर सर्व्हर आणि कॅल. दोन्ही एकत्र कुणी लावत नाही. वाण्यानं तेलाचे पैसे लिटरवर घेऊन वर घरातल्या माणसांवरही लावावेत, तसलं ते. मला हे माहीत होतं. कोटेशन हातात धरून मी पाच मिनिटं त्या ओळीकडं बघत होतो. पण विचारलं असतं तर तो पुन्हा अटेंडन्सवर आला असता, आणि मालक म्हणाले असते, तू दोन वर्षं काय झोपा काढत होतास? म्हणून मी "बरोबर आहे" म्हणून टेक्निकल मंजुरीची सही केली. भावही बघा. त्या एका पॅकची अधिकृत किंमत साडेतीन हजार डॉलरच्या वर आहे, आणि हा ४८,५०० ला देतोय. मी म्हटलं, मार्चएंडची स्कीम असेल.

२५ मार्चला आरटीजीएस. संध्याकाळी मेलवर एक प्रॉडक्ट की (इन्स्टॉल करताना टाकायचा कोड) आणि रंगीत सर्टिफिकेट. एसक्यूएल आधीच चालू होतं, त्यामुळं ती की कुणी वापरूनच बघितली नाही. मेमध्ये आमचा नेहमीचा रिसेलर रिन्यूअलला आला. म्हणाला, "तुमच्या मायक्रोसॉफ्ट ॲडमिन सेंटरमध्ये हे लायसन कुठंय? व्हॉल्यूम लायसन तुमच्याच अकाउंटला दिसायला पाहिजे." नव्हतं. मग जुन्या मशीनवर ती की टाकली. इन्स्टॉल झाल्यावर आलं: डेव्हलपर एडिशन. जी कुणालाही फुकट मिळते आणि प्रत्यक्ष कामाला वापरायची परवानगीच नाही. त्याचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकला, तर रद्द झालेला. हे बघायला अर्धं मिनिट लागतं. पैसे देण्याआधी बघा. आमचं ५८,८६० चं क्रेडिटही बुडालं.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, ऑनलाइन तक्रारही टाकली, पण दोन महिन्यांनी. हा फोन पहिल्या तासात करायचा असतो, खात्यात पैसे असेपर्यंत. पुढची वरात ऐका. पोलीस ठाण्यात साहेबांनी विचारलं, "माल मिळाला का?" मी म्हटलं, मिळाला, पण खोटा. "म्हणजे मिळाला ना? मग हा व्यवहाराचा वाद, कोर्टात जा." एसक्यूएल म्हणजे काय हे मी तीन टेबलांवर तीनदा समजावलं. तिसऱ्यानं विचारलं, "ते टॅलीसारखं का?" मग कळलं, त्याचं खातं पुण्याच्या शाखेतलं आहे, म्हणून पुण्याला जा. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ म्हणतं, गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, माहिती नोंदवून घ्यायची. मी प्रिंट काढून नेली होती. त्यांनी वाचली, घडी घातली आणि मला परत दिली. बँकेत गेलो तर म्हणे, पेमेंट तुम्हीच मंजूर केलंय. मंजूर केलं म्हणूनच तर आलोय ना, न करता कशाला आलो असतो? चार अर्धे दिवस रजा गेली, त्याचा हिशोब वेगळाच.

आणि एक. खरा ऑडिट आधी लेखी येतो, केबिनमध्ये घुसून पेन टेकवत नाही. कुणी मालकांसमोर तुमची चूक दाखवली तर तिथल्या तिथं "हो, चूक आहे, आठ दिवसांत नीट करतो" म्हणा. शिव्या खा. शिव्यांवर जीएसटी नाही.

परवा रविवारी तो हजेरीचा डेटाबेस एसक्यूएल एक्सप्रेसवर हलवला. एक्सप्रेस फुकट आहे, २०२२ पर्यंतच्या आवृत्त्यांत एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा, आमचा तीन जीबीसुद्धा नव्हता. चहा धरून पन्नास मिनिटं लागली.