सिंगल फेज मोटर की थ्री फेज? वावरातल्या विहिरीसाठी

हरभरा पेरून झाला की आमच्या यवतमाळ भागात मोटरच्या दुकानांत गर्दी होते. दोन-तीन एकरवाला शेतकरी तिथे एकच प्रश्न घेऊन उभा असतो: भाऊ, सिंगल फेज घेऊ की थ्री फेज? दुकानदार किंमत सांगतो, शेजारी आपला अनुभव सांगतो. दोन्ही मोटरींच्या पोटात वीज कशी वागते हे कोणी सांगत नाही, आणि खरा फरक तिथेच आहे.

मोटर फिरायची तर तिच्या आतलं चुंबकाचं बळ गोल फिरलं पाहिजे. आपल्याकडची वीज सेकंदाला 50 आवर्तनं करते, म्हणजे एक आवर्तन 20 मिलिसेकंदांचं. कोराडी किंवा चंद्रपूरच्या जनित्रात वेटोळ्यांचे तीन संच 120 अंशांच्या फरकाने बसवलेले असतात. त्यामुळे तीन फेजचे, म्हणजे तीन तारांमधले, दाब (व्होल्टेज) एकमेकांमागून साधारण 6.7 मिलिसेकंदांनी येतात. हा मागेपुढेपणा तिथून तारेतून थेट तुमच्या वावरात पोचतो. थ्री फेज मोटरला तो आयता मिळतो, म्हणून ती बटन दाबताच भार उचलते.

सिंगल फेजमध्ये चुंबकाचं बळ जागच्या जागी उलटसुलट होतं. मोटर नुसती घुमते. कोणत्या बाजूने निघायचं हे ठरत नाही. म्हणून तिच्यात दुसरं वेटोळं घालतात आणि त्याच्या रस्त्यात कपॅसिटर बसवतात. आपल्याकडे त्याला कंडेन्सरच म्हणतात. वेटोळ्यात आधी दाब येतो आणि करंट मागून, कारण वेटोळं करंटच्या बदलाला विरोध करतं. कंडेन्सरचं उलटं: आधी करंट भरतो, मग दाब चढतो. एक मागे खेचतो, दुसरा पुढे ढकलतो, आणि दोन वेटोळ्यांतल्या करंटमध्ये पाव आवर्तनाच्या, म्हणजे 5 मिलिसेकंदांच्या, जवळपास फरक पडतो. तेवढ्यावर मोटर फिरते. थोडक्यात, सिंगल फेज मोटरचा दुसरा फेज त्या कंडेन्सरच्या डब्यात असतो.

डबा बिघडला की मोटर अडते. 36 मायक्रोफॅरडचा (हे कंडेन्सरच्या क्षमतेचं माप) कंडेन्सर 230 व्होल्टवर सुमारे 2.6 अँपिअर करंट जाऊ देतो. तो झिजून 25 वर आला तर 1.8. दुसरं वेटोळं तितकं कमजोर. एकदा ऐन ओलिताच्या दिवसांत आमची सबमर्सिबल नुसती घुमायला लागली. मोटर जळाली असं धरून आम्ही चौघांनी ती पाइपांसकट बोअरमधून वर काढली. मोटर चांगली होती, पॅनलमधला कंडेन्सर मेला होता. तो आधी बदलून पाहिला असता तर पूर्ण दिवस वाचला असता. बदलताना त्याच मायक्रोफॅरडचा आणि 440 व्होल्टचाच घ्या. लाइन 230 ची असली तरी वेटोळं आणि कंडेन्सर एकापाठोपाठ जोडलेले असल्यामुळे कंडेन्सरवरचा दाब लाइनपेक्षा बराच वर जातो. आणि वीज बंद केल्यावरही त्याच्यात चार्ज राहतो. बल्ब लावून तो उतरवल्याशिवाय हात लावू नका.

माझ्या मते निवडीत सगळ्यात जड बाजू केबलची आहे, आणि तिचा हिशेब फार कमी लोक करतात. 2 एचपीची सिंगल फेज मोटर साधारण 12 अँपिअर घेते, तेवढीच थ्री फेज मोटर प्रत्येक तारेत साडेतीनच्या आसपास. डीपीपासून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपासून, विहीर 300 मीटर आणि तांब्याची केबल 4 चौरस मिलिमीटरची धरा. सिंगल फेजमध्ये वाटेतच 25 ते 30 व्होल्ट खर्च होतात, थ्री फेजमध्ये 415 पैकी सहा-सात. मोटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने घटते, म्हणून 230 चे 200 झाले की ताकद तीनचतुर्थांशच उरते. संध्याकाळी आधीच लाइन कमी असते, त्यात हे. विहीर लांब असेल तर सिंगल फेज घेऊ नका.

थ्री फेजचा धोका वेगळा. चालू मोटरचा एक फेज गेला तरी ती उरलेल्या दोनवर फिरत राहते, करंट वाढतो, आणि रात्रीच्या पाळीत कोणाला कळायच्या आत वेटोळं जळतं. स्टार्टरमध्ये सिंगल फेज प्रिव्हेंटर, म्हणजे एक फेज गेला की मोटर बंद करणारा भाग, हवाच. तो रिवाइंडिंगपेक्षा नक्की स्वस्त पडतो. एक फेज नसताना कंडेन्सर लावून थ्री फेज मोटर चालवण्याची युक्ती गावोगाव दिसते. तिच्यात वेटोळ्यांवर असमान भार पडतो आणि डीपीवरही. मी ती कोणालाच सुचवणार नाही.

सिंगल फेज मात्र घराजवळच्या विहिरीला, गुरांच्या पाण्याला, थोड्या भाजीपाल्याला चांगली. गावठाणाच्या लाइनीला वीज जास्त तास असते हाही फायदा. फक्त घरगुती मीटरवरून वावर ओलणं नियमात बसत नाही, हे लक्षात असू द्या.

वावरात थ्री फेज लाइन आलेली असेल आणि हरभरा-गव्हाला तुषार लावायचे असतील तर थ्री फेजच घ्या. 5 एचपी घेतली तर सोबत 2 केव्हीएआरचा (हे अशा कंडेन्सरच्या ताकदीचं माप) कंडेन्सरही घ्या. इथे त्याचं काम मोटर सुरू करण्याचं नाही. वेटोळी लाइनीकडून जो मागे रेंगाळणारा करंट मागतात, त्यातला बराचसा तो जागीच पुरवतो. 0.8 पॉवर फॅक्टरची (म्हणजे ओढलेल्या करंटचा कामाला येणारा हिस्सा 0.8) मोटर लाइनीतून 7.6 अँपिअर ओढत असेल तर ते 6.3 वर येतात, आणि डीपीपासूनच्या तारेतला तोटा सुमारे 30 टक्के घटतो. तो स्टार्टरच्या मोटरकडच्या बाजूला जोडायला सांगा, म्हणजे मोटरसोबतच चालू-बंद होईल.