डोळा तपासायला शिकवायचाय: ॲप घ्यावं की ऑफ्थॅल्मोस्कोप?

एमबीबीएसच्या मुलांची डोळ्यांची पोस्टिंग जेमतेम काही आठवड्यांची. त्यांच्यासाठी विभागाने सिम्युलेशन ॲपवर पैसे घालावेत का, हे ठरवताना मी आधी एवढंच विचारतो: बाहुली शिकवायची आहे की डोळ्याच्या आतला पडदा?

बाहुल्या आणि डोळ्यांच्या हालचाली शिकवायच्या असतील तर ॲप सरस. चांगल्या डोळ्यावरचा टॉर्च दृष्टीची नस अधू असलेल्या डोळ्यावर नेला की बाहुली लहान राहण्याऐवजी मोठी होते. या दोषाला आरएपीडी म्हणतात. त्याचा रुग्ण नेमका पोस्टिंगच्या दिवसांतच येईल याचा भरवसा नाही. आला, तरी वीस जणांनी त्याच्या डोळ्यात टॉर्च मारायचा का? डोळा हलवणाऱ्या, मेंदूतून येणाऱ्या नसांपैकी तिसरी गेली, सहावी गेली, तर डोळा कुठे वळतो हेही स्क्रीनवर हवं तितक्या वेळा बघता येतं. यासाठी पैसेही लागत नाहीत: कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेचं आय सिम्युलेटर ब्राउझरमध्येच चालतं, त्यात एकेक स्नायू किंवा नस बंद करून बघता येते. उणिवा दोन. आपल्याकडच्या गडद तपकिरी डोळ्यात काळी बाहुली शोधायची सवय ॲपमुळे होत नाही. शिवाय रुग्ण टॉर्चकडेच टक लावून बघू लागला की जवळ बघितल्यामुळेही बाहुली आकसते, हे खोलीत अंधार करून स्वतः फसल्याशिवाय कळत नाही.

फंडसचं, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याचं, गणित उलटं. ॲपमध्ये अख्खा पडदा एका नजरेत दिसतो. डायरेक्ट ऑफ्थॅल्मोस्कोपमधून, म्हणजे डोळ्याच्या आत बघायच्या हातातल्या यंत्रातून, दिसतो जेमतेम पाच अंशांचा तुकडा, तोही सुमारे पंधरा पट मोठा. रुग्णाचा उजवा डोळा आपल्या उजव्या डोळ्याने, यंत्र उजव्या हातात, थोडं कानाच्या बाजूने पुढे यायचं आणि चेहऱ्याला चेहरा भिडेल इतकं जवळ जायचं. हा संकोच मोडायला ॲपचा उपयोग शून्य. त्यात मास्तरांना विद्यार्थ्याला काय दिसतंय ते दिसत नाही. ‘डिस्क (दृष्टीची नस पडद्याला मिळते ती जागा) दिसली का?’ म्हटलं की सगळे ‘हो सर’. (आम्हीही तेच म्हणायचो.)

त्यामुळे इथे मी डब्याच्या बाजूने. डब्याला पुढे बाहुलीएवढं भोक, त्यात भिंग, मागे भिंगाच्या नाभीय अंतरावर फंडसचा छापील फोटो. फोटोवर एक आकडा लिहून ठेवा. तो वाचता आला तरच ‘हो सर’ खरं. महागडे व्हीआर सिम्युलेटरही हे करतात, पण ते मोठ्या संस्थांना परवडतात.

ॲपची वार्षिक फी आणि यंत्रं यांत एकच निवडायचं असेल तर मी फुकटच्या सिम्युलेटरवर बाहुल्या आटोपून दोन-तीन आर्कलाइट घेईन. सेंट अँड्र्यूज विद्यापीठात विकसित झालेला हा ऑफ्थॅल्मोस्कोप खिशात मावतो, उन्हावर चार्ज होतो. मुलांनी एकमेकांच्या डोळ्यांवर सराव करावा. बाहुली मोठी करायचे थेंब सरांनी डोळा तपासल्यावरच घालायचे, आणि थेंब घातलेल्याला त्या दिवशी दुचाकी चालवू द्यायची नाही.