नौपाड्यातील जँगो अभ्यासक्रम : शिकवणे उत्तम, आवृत्ती जुनी

ठाण्यातील नौपाड्याच्या एका संगणक क्लासचा पायथन (प्रोग्रामिंगची भाषा) आणि जँगो (पायथनमध्ये संकेतस्थळे बांधण्याचा तयार सांगाडा) यांचा अभ्यासक्रम मी साडेसात हजार रुपये भरून घेतला. त्यात बेचाळीस रेकॉर्ड केलेले मराठी व्हिडिओ मिळतात आणि दर शनिवारी संध्याकाळी दोन तास क्लासमध्ये जाऊन शंका विचारता येतात. वागळे इस्टेटमधील सुट्या भागांच्या एका छोट्या कारखान्यात मी स्टोअर सांभाळते. आवक-जावकीच्या जाड वहीऐवजी ब्राउझरमध्ये चालणारी नोंदवही स्वतः तयार करावी, एवढ्यासाठी मी हे शिकायला घेतले. ती नोंदवही आज कारखान्यात वापरात आहे आणि त्याचे बरेचसे श्रेय या व्हिडिओंना आहे. परंतु त्याच व्हिडिओंमुळे माझे जवळजवळ पाच आठवडे अशा चुका शोधण्यात गेले, ज्या माझ्या नव्हत्या. हा अभ्यासक्रम घेण्याचा विचार असलेल्यांना त्याविषयी आधी कळावे, म्हणून हे लिहीत आहे.

शिकवणाऱ्या सरांची हातोटी खरोखर चांगली आहे. डेटाबेसमधील तक्ते आणि त्यांचे परस्परसंबंध त्यांनी किराणा दुकानाच्या खतावणीवरून समजावले आहेत. गिऱ्हाईक एक आणि त्याच्या नावावरच्या नोंदी अनेक, हे एकदा डोळ्यांसमोर आले की फॉरेन की (एका तक्त्यातील नोंद दुसऱ्या तक्त्यातील नोंदीशी जोडणारा दुवा) म्हणजे काय ते निराळे पाठ करावे लागत नाही. आवाज स्वच्छ आहे, अक्षर मोठे आहे आणि घाई कुठेही नाही.

अडचण तिसऱ्या व्हिडिओपासून सुरू होते. सरांनी सर्व्हर (ब्राउझरला पाने पुरवणारा प्रोग्राम) चालू केला तेव्हा त्यांच्या पडद्यावर ‘इट वर्क्ड’ असे शब्द असलेले साधे पान आले, तर माझ्या पडद्यावर रॉकेटचे चित्र आले. मी ते रंगरूपातील किरकोळ फरक समजून पुढे गेले. पुढच्याच व्हिडिओत सरांप्रमाणे अक्षर न् अक्षर लिहूनही ‘जँगो डॉट कॉन्फ डॉट यूआरएल्समधून यूआरएल हे नाव इम्पोर्ट करता येत नाही’ अशा अर्थाची एरर आली आणि सर्व्हर बंद पडला. मी स्पेलिंग पाहिले, मोकळ्या जागा मोजल्या, फाइल पुसून पुन्हा लिहिली. वास्तविक कारण माझ्या फाइलमध्ये नव्हतेच. जँगोने २०१७ च्या डिसेंबरमध्ये आलेल्या २.० या आवृत्तीत पानांचे पत्ते नोंदवण्यासाठी पाथ ही नवी पद्धत आणली, आणि जुने यूआरएल हे फंक्शन २०२१ च्या डिसेंबरमध्ये आलेल्या ४.० मध्ये काढून टाकले. माझ्या संगणकावर ५.२ होते.

सरांच्या पडद्यावर कोणती आवृत्ती होती, हे व्हिडिओत कुठेही सांगितलेले नाही, माहितीपत्रकातही नाही. मला ते योगायोगाने सापडले. सेटिंग्जच्या फाइलच्या माथ्यावर ती फाइल जँगोच्या कोणत्या आवृत्तीने तयार केली ते आपोआप लिहिले जाते. व्हिडिओ थांबवून, पडदा मोठा करून पाहिले तर तिथे १.११ असा आकडा होता. ही आवृत्ती एप्रिल २०१७ ची आहे आणि तिची अधिकृत देखभाल एप्रिल २०२० मध्ये संपली. जँगोची नवी आवृत्ती साधारण दर आठ महिन्यांनी येते, जे काढून टाकायचे असते त्याची सूचना आधीच्या आवृत्त्यांत देऊन मगच ते काढले जाते, आणि दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला तीन वर्षे सुरक्षा दुरुस्त्या मिळतात. १.११ वरून थेट ५.२ वर येणाऱ्या शिकाऊ माणसाला मात्र मधल्या कोणत्याही सूचना दिसलेल्या नसतात. त्याला फक्त शेवटी एरर दिसते.

शनिवारच्या शंकानिरसनाला गेले तेव्हा तेथील साहाय्यकाने जँगो काढून १.११ टाकण्यास सांगितले. घरी येऊन मी ते केले, तर प्रकल्प सुरूच झाला नाही, कारण १.११ ही पायथन ३.७ पर्यंतच्याच आवृत्त्यांसाठी आहे आणि माझ्याकडे ३.१२ होते. जुन्या जँगोसाठी जुने पायथन, जुन्या पायथनसाठी जुनी साधने, अशी ती साखळी लांबत जाते, आणि एवढे करून हातात येते ते कारखान्याच्या खऱ्या कामाला वापरू नये असे, दुरुस्त्या बंद झालेले सॉफ्टवेअर. तो सल्ला देणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता, पण सल्ला चुकीचा होता असे मी स्पष्टपणे म्हणेन.

दुसऱ्या शनिवारी एक तरुण साहाय्यिका होती, आणि या सेवेची खरी किंमत तिने वसूल करून दिली. मी एररचे लांबलचक पान वरून वाचत होते. ती म्हणाली, “मॅडम, शेवटची ओळ आधी वाचा. मग खालून वर जाताना तुमच्या स्वतःच्या फाइलचे नाव कुठे येते ते शोधा.” त्या दिवसापासून माझी भीती गेली. तिनेच जँगोच्या अधिकृत दस्तऐवजांच्या पानावर आवृत्ती बदलण्याची सोय दाखवली. १.११ चे पान आणि ५.२ चे पान शेजारी शेजारी उघडून एकच विषय दोन्हीकडे वाचला की फरक समोर येतो, आणि प्रत्येक आवृत्तीच्या प्रकाशन टिपणात कोणत्या गोष्टी काढून टाकल्या त्याची वेगळी यादी असते, हेही मला तेव्हाच कळले.

तरीही नुसते नाव बदलून भागत नाही, हे मला ठेच लागूनच समजले. यूआरएलच्या जागी मी पाथ लिहिले, पण सरांनी दिलेले सुरुवातीचे टोपीसारखे चिन्ह (^) आणि शेवटचे डॉलरचे चिन्ह ($) तसेच ठेवले. एरर गेली, पान मात्र सापडेना, सतत ४०४. पाथला ती चिन्हे रेग्युलर एक्स्प्रेशनची (अक्षरांचा नमुना सांगण्याच्या सांकेतिक पद्धतीची) खूण वाटत नाहीत, तो त्यांना पत्त्यातील साधी अक्षरे समजतो. टर्मिनलवर (आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत) तसा इशाराही छापून आला होता आणि मी तो वाचला नव्हता. चिन्हे काढली की पाथ चालतो, आणि ती ठेवायचीच असतील तर री-पाथ वापरावे लागते.

सर्वांत मोलाची एरर मला मॉडेल, म्हणजे तक्त्याची रचना सांगणारा कोड, लिहिताना मिळाली. सरांनी मालाची नोंद पुरवठादाराशी जोडताना फॉरेन कीला फक्त पुरवठादाराचे नाव दिले. माझ्याकडे ‘ऑन डिलीट’ (जोडलेली नोंद पुसली तर काय करायचे ते) दिलेले नाही अशी तक्रार आली. २.० पूर्वी ते न लिहिल्यास जँगो कॅस्केड गृहीत धरत असे, म्हणजे पुरवठादार पुसला की त्याच्या सगळ्या नोंदीही पुसल्या जात. माझ्या नोंदवहीत असे झाले असते, तर एखाद्या बंद झालेल्या पुरवठादाराचे नाव काढताना त्याच्याकडून आलेल्या मालाचा वर्षानुवर्षांचा हिशेब गेला असता. मी तिथे प्रोटेक्ट निवडले. आता नोंदी शिल्लक असेपर्यंत पुरवठादार पुसताच येत नाही. हा निर्णय व्हिडिओत कुठेच दिसत नाही, कारण जुन्या आवृत्तीने तो शिकणाऱ्याच्या वतीने घेऊन टाकला होता.

टेम्पलेटमधील (पानाच्या साच्यातील) ‘लोड स्टॅटिकफाइल्स’ आता ‘लोड स्टॅटिक’ असे लिहावे लागते. ती दोन मिनिटांची बाब आहे. लॉगआउटला मात्र एक संपूर्ण रविवार गेला. सरांच्या पडद्यावर साध्या दुव्यावर क्लिक केले की काम होते, माझ्याकडे ४०५ (‘विनंतीची ही पद्धत चालत नाही’) येत होता आणि कोडमध्ये कुठेही लाल रेघ नव्हती. डिसेंबर २०२३ मधील ५.० पासून जँगोचा तयार लॉगआउट व्ह्यू (विनंतीला उत्तर देणारा कोड) फक्त पोस्ट विनंती, म्हणजे फॉर्ममधून पाठवलेली विनंती, स्वीकारतो, कारण साध्या दुव्याने लॉगआउट होत असेल तर दुसरे एखादे संकेतस्थळही वापरणाऱ्याला नकळत बाहेर काढू शकते. दुव्याच्या जागी सीएसआरएफ टोकन (विनंती आपल्याच पानावरून आल्याची गुप्त खूण) असलेला छोटा फॉर्म आणि बटण ठेवल्यावर ते चालले.

क्लासच्या संचालकांना मी हे सर्व लिहून दिले आणि त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले. बेचाळीस व्हिडिओ पुन्हा रेकॉर्ड करणे खर्चाचे आहे, हे मला मान्य आहे. पण प्रत्येक व्हिडिओखाली वापरलेल्या आवृत्तीचा आकडा आणि बदललेल्या ओळींचे एक पान देणे एका दिवसाचे काम आहे, आणि साडेसात हजार घेणाऱ्याने ते करायलाच हवे. हे लिहीपर्यंत ते झालेले नाही.

म्हणून पाचपैकी तीन तारे. डेटाबेसचे सात व्हिडिओ आणि फॉर्म्सचा भाग यांसाठी मी चारही दिले असते. प्रवेश घेणार असाल तर पैसे भरण्यापूर्वी प्रकल्पाची रिक्वायरमेंट्सची फाइल (लागणाऱ्या साधनांची आणि त्यांच्या आवृत्त्यांची यादी) मागा व त्यात जँगोपुढे कोणता आकडा आहे ते पाहा; आणि शंकानिरसनाला जाताना एररचा फोटो नव्हे, तर संपूर्ण मजकूर आणि आपल्याकडील पायथन व जँगोच्या आवृत्त्या लिहून न्या. माझी पहिली शनिवारची फेरी केवळ एवढ्यासाठी वाया गेली होती.