आयसिंगचा निळा रंग: डबीतला, शेवाळाचा की गोकर्णाचा?

मुलुंडची माझी वहिनी घरून केकच्या ऑर्डरी घेते. क्रॉफर्ड मार्केटात सामान घेताना तिला यंदा स्पिरुलिना या शेवाळाची निळी पूड दिसली. डबीतल्या रंगापेक्षा खूपच महाग. "पर्यावरणाला खरंच बरी असेल तर घेते," म्हणाली. तिच्यासाठी मांडलेला हा हिशेब.

डबीतला निळा म्हणजे बहुधा ब्रिलियंट ब्लू, ई-१३३. कच्चा माल खनिज तेलातून येतो. त्याच्या बाजूने एक गोष्ट मोठी आहे: तो लागतो अगदी चिमूटभर. आपल्याकडे बहुतेक पदार्थांत किलोमागे १०० मिलिग्रॅमच्या वर घालताच येत नाही. पण शरीर तो जवळजवळ शोषत नाही आणि तो सहजी कुजतही नाही. वाढदिवस संपतो, रंग गटारातून खाडीकडे निघतो.

स्पिरुलिना उथळ, उघड्या हौदात, सोड्याच्या पाण्यात वाढते. चाकाची पाती पाणी ढवळत राहतात. सुपीक जमीन नको, ऊन फुकट. इथवर सगळं छान. खरा खर्च पुढे आहे. हौदातल्या लिटरभर पाण्यात कोरडा माल जेमतेम अर्धा ते एक ग्रॅम. किलोभर कोरडी स्पिरुलिना हवी तर हजार-दोन हजार लिटर पाणी गाळायचं आणि लगदा वाळवायचा. त्यातही निळं द्रव्य, फायकोसायनिन, साधारण १० ते २० टक्केच. ते पाण्यात उतरवायचं, पुन्हा वाळवायचं. वीज जाते ती इथे, आणि आपली वीज अजून मुख्यतः कोळशाची. म्हणून गाळलेलं पाणी परत हौदात जातं का, उरलेला प्रथिनांचा चोथा पशुखाद्यात वापरतात का, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. बंद नळ्यांत, दिव्यांच्या उजेडात वाढवलेला माल मी तरी घेणार नाही.

एवढं करून स्पिरुलिनाचा निळा ओव्हनमध्ये गेला तर विरतो. साठेक अंशांपुढे निळा टिकत नाही, आंबटातही नाही.

गोकर्ण तर वहिनीच्या खिडकीच्या ग्रिलवरच चढलेली आहे. शेंगवर्गातली वेल, मुळांच्या गाठींत नत्र साठवणारी. खताचा फारसा हट्ट नाही. दहा-बारा सुकी फुलं गरम क्रीममध्ये भिजवली, गाळून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून फेटलं की पावसानंतरच्या आभाळासारखा फिकट निळा येतो. चक्क्यात मात्र तो जांभळा होतो, म्हणून श्रीखंडाला नको.

माझा कौल: फिकट आकाशीला डोळे झाकून गोकर्ण. गडद निळा हवाच असेल तर उघड्या हौदातली स्पिरुलिना, तीही फक्त थंड आयसिंगला. आतला स्पंज बिनरंगीच राहू द्या. आणि पूड घेण्याआधी माल कुठल्या हौदातला आहे आणि चोथ्याचं काय करतात, हे दुकानदाराकडून उत्पादकाचा नंबर घेऊन त्यालाच विचारा. वहिनीने नंबर घेतलाय, सोमवारी फोन लावणार आहे.