ट्रेलरच्या टाकीवर ग्रिल: पितळी टी-जोडणी आणि बारा फुटी नळी

अमेरिकेत ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचे फिरते घर, घेऊन फिरणाऱ्यांच्या ट्रेलरच्या पुढच्या दांड्यावर बहुधा २० किंवा ३० पौंडांच्या प्रोपेनच्या (इंधन-गॅसच्या) दोन टाक्या असतात, तरीही बाहेरच्या छोट्या ग्रिलसाठी ते एक पौंडाची सिलिंडरे विकत घेत राहतात. तासाला ८,५०० बीटीयू (उष्णता मोजण्याचे एकक) इतकी आच देणारे वेबर क्यू १२०० हे गॅसचे छोटे ग्रिल मोठ्या आचेवर ठेवले, तर असे सिलिंडर साधारण अडीच तासांत संपते आणि रिकामा डबा कचऱ्यात जातो. पुन्हा न भरता येणाऱ्या या सिलिंडरांची विक्री १ जानेवारी २०२८ पासून बंद करणारा कायदा कॅलिफोर्नियाने २०२२ मध्येच केला आहे. म्हणूनच मी पितळी टी-जोडणी, म्हणजे टाकीच्या गॅसला आणखी एक वाट देणारा इंग्रजी टी आकाराचा सांधा, आणि तिच्यासोबतची बारा फुटी नळी घेतली.

अनेक ट्रेलरच्या बाजूला गॅसचे तोंड आधीच दिलेले असते, मग ही वेगळी जोडणी कशासाठी, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. उत्तर दाबात आहे. ते तोंड ट्रेलरच्या रेग्युलेटरच्या नंतर येते आणि तिथे दाब अवघा ११ इंच पाण्याच्या स्तंभाइतका, म्हणजे जवळजवळ आपल्या घरच्या शेगडीला मिळतो तेवढाच असतो. बाजारातल्या बहुतेक ग्रिलना मात्र स्वतःचा रेग्युलेटर असतो आणि त्याला टाकीतला पूर्ण दाब अपेक्षित असतो. एकामागे एक असे दोन रेग्युलेटर लागले, की ज्योत मिणमिणते, आणि दोष नसताना ग्रिलला बोल लागतो.

टी-जोडणी टाकी आणि ट्रेलरचा रेग्युलेटर यांच्या मध्ये बसते, त्यामुळे नळीत पूर्ण दाब येतो. नळीचे टोक एक पौंडाच्या सिलिंडरच्या तोंडासारखेच असल्याने ग्रिलचा रेग्युलेटर जसाच्या तसा त्यावर फिरवता येतो. ग्रिलमध्ये कोणताही फेरफार करावा लागत नाही. भरताचे वांगे अगदी देठापर्यंत, साल काळी पडून आतून रस सुटेपर्यंत भाजले गेले, आणि थंडीत लहान सिलिंडर गारठून आच उतरते तशी ती उतरली नाही.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगायला हवी. टाकीची चावी झटकन उघडली, तर जोडणीतील सुरक्षा-झडप गळती झाल्याचे समजून गॅस अडवते आणि ज्योत पुन्हा क्षीण होते. अशा वेळी ग्रिल आणि टाकी दोन्ही बंद करून थोडे थांबावे, टाकीची चावी अगदी सावकाश उघडावी आणि मगच ग्रिल पेटवावे. प्रत्येक जोडणीनंतर सांध्यांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहणे मी कधीच टाळत नाही, कारण प्रोपेन हवेपेक्षा जड असल्याने खाली साचून राहतो. काम झाल्यावर टाकीची चावी बंद करावी. उच्च दाबाची नळी येण्याजाण्याच्या वाटेत भरलेली ठेवणे धोक्याचे आहे.

उणिवा दोन आहेत. जोडणीमुळे टाकीचे तोंड पुढे सरकते आणि टाक्यांवरचे प्लास्टिकचे झाकण नीट बसत नाही. शिवाय वापरात नसलेल्या तोंडाचे टोपण सुटे आहे; ते साखळीने बांधलेले असते, तर हरवण्याची भीती उरली नसती.

ही जोडणी काढता येणाऱ्या टाक्यांसाठी आहे. मोटरहोमला, म्हणजे स्वतःच्या इंजिनावर चालणाऱ्या फिरत्या घराला, टाकी चेसिसवर (गाडीच्या सांगाड्यावर) कायमची बसवलेली असते आणि तिचे आटे वेगळे असतात. तिथे वेगळा संच लागतो व तो जाणकार तंत्रज्ञाकडूनच बसवून घ्यावा.